घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी सारखी गरम होतेय? गॅरेज गाठायच्या आधी या क्रमाने बघा

मे महिना लागला की आणि मग परत गणपतीत, माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. तापमानाचा काटा वर गेलाय, काय करू. यातले बहुतेक फोन कोकणातून परत येतानाचे असतात आणि त्यालाही कारण आहे. देशावरून खाली जाताना कुंभार्ली काय, आंबा काय, आंबोली काय, उतारच असतो, इंजिनावर जोर पडतच नाही, त्यामुळे गाडीत काही बिघाड असला तरी तो दिसत नाही. परतीला तीच गाडी पाच माणसं, बॅगा, आंब्याच्या पेट्या, दोन फणस भरून, एसी लावून घाट चढायला लागते आणि अर्ध्यावर लाल दिवा. मग सगळे म्हणतात जाताना तर मस्त गेली होती, अचानक काय झालं. अचानक काही होत नाही, बिघाड महिनाभर आधीपासून असतो, घाट फक्त तो दाखवून देतो.

मी धंद्याने गॅरेजवाला नाही, पण घरच्या, भावकीतल्या आणि मित्रांच्या गाड्यांचा हाच एक आजार इतक्या वेळा बघून झालाय की आता फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, नक्की कधी गरम होते ते सांग. या एका उत्तरावर अर्धं काम होतं, म्हणून आधी लक्षणं बघू.

लक्षणं: कधी गरम होते?

चालू रस्त्यावर एकदम ठीक, पण सिग्नलला, टोलच्या रांगेत, घाटातल्या जॅममध्ये उभी राहिली की काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की परत खाली येतो. सोबत उभ्या गाडीत एसी कोमट हवा मारतो. हे असेल तर संशय रेडिएटरच्या (इंजिनचं गरम पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या) फॅनवर. पळत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर गार करतो, उभ्या गाडीत ते काम फक्त फॅनचं असतं, आणि एसीचा कंडेन्सरही (एसीचा स्वतःचा रेडिएटरच म्हणा) बहुतेक गाड्यांत त्याच हवेवर गार होतो, म्हणून दोन्ही लक्षणं जोडीने येतात.

याच्या बरोबर उलटं, म्हणजे उभी असताना काही नाही पण लांब चढावर किंवा हायवेला शंभरच्या पुढे काटा चढतो. इथे फॅनचा संबंध कमी. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी आहे, रेडिएटर बाहेरून किंवा आतून चोक आहे, थर्मोस्टॅट (त्या पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा) अर्धवट उघडतोय किंवा पंप पाणी ढकलत नाहीये, यातलं एक.

काटा वर-खाली नाचतो, मध्येच लाल होतो मध्येच नॉर्मल, आणि हीटर लावला तर गार हवा येते. कूलंट कमी आहे किंवा सिस्टिममध्ये हवा अडकलीये. इंजिन गरम आणि हीटर गार हे लक्षण दिसलं तर गाडी पुढे अजिबात नेऊ नका.

सकाळी थंड गाडी सुरू केली आणि दोन-चार किलोमीटरमध्येच लाल. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, नाहीतर हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागातल्या (हेडच्या) सीलचं प्रकरण.

बोनेटखालच्या बाटलीतलं कूलंट दर आठवड्याला कमी होतं पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही. हे सगळ्यात फसवं, कारण गाडी चालते म्हणून लोक नुसतं पाणी ओतत राहतात. याच्याबद्दल पुढे जरा सविस्तर लिहितो.

केबिनमध्ये गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं, डाव्या बाजूची मॅट ओली. डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. पण एसीचा ड्रेन पाईप तुंबला तरी मॅट ओली होते, म्हणून बोटाला लावून बघा, एसीचं पाणी साधं बिनवासाचं असतं, कूलंट रंगीत आणि चिकट. चाखून बघू नका, विषारी असतं.

आणि हो, आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो. सकाळी निळा दिवा असतो तो इंजिन गार असल्याचा, थोड्या वेळाने जातो, आणि लाल दिवा येतो तो थेट धोक्याचा. मधलं काही कळतच नाही. या गाड्यांमध्ये लाल दिवा आला म्हणजे वेळ आधीच संपत आलेली असते, पुढचं हॉटेल येईपर्यंत नेतो वगैरे भानगडच नको.

आत्ता रस्त्यात उभे असाल तर

काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला पण अजून लाल नाही, वाफ नाही, तर एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. घाम निघेल पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. सुरक्षित जागा बघून डावीकडे थांबा, फॅन चालू असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि काटा उतरतो का बघा.

लाल दिवा आला, वाफ निघाली किंवा कूलंट रस्त्यावर सांडलं, तर मात्र लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद. आत पाणीच नसेल तर इंजिन चालू ठेवून ते गार होणार नाहीये. पार्किंग लाईट, मागे रिफ्लेक्टर ट्रँगल, माणसं गाडीतून उतरून कठड्याच्या आतल्या बाजूला, वळणावर तर अजिबात थांबू नका. चाकाला दगड लावलात तर निघताना तो उचलून बाजूला टाका, घाटात रस्त्याच्या मधोमध पडलेले हे दगड रात्री बाईकवाल्यांच्या जीवावर उठतात आणि ते ठेवणारे आपलेच लोक असतात.

गरम असताना रेडिएटरचं किंवा बाटलीचं झाकण उघडायचं नाही. कापड धरून थोडंसं फिरवतो, असंही नाही. आतलं पाणी शंभर डिग्रीच्या वर असूनही फक्त दाबामुळे उकळत नसतं, झाकण सुटलं की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा. बोनेट उघडून ठेवा, पण वाफ येत असेल तर ती कमी झाल्यावरच उघडा. रेडिएटरचा वरचा जाड पाईप हाताला सहज धरवला आणि दाबल्यावर मऊ लागला की मग झाकण.

इंजिनावर गार पाणी ओतणारे उत्साही लोक घाटात हमखास भेटतात, धाब्यावरून बादली घेऊनच येतात. हात जोडून नाही म्हणा. तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं की हेड वाकतं किंवा तडा जातो. आत पाणी भरायचं तेही इंजिन गार झाल्यावर, थोडं थोडं.

आता तपासणी, फुकटापासून सुरू

पहिलं म्हणजे चालवण्याची पद्धत. यावर कोणाला विश्वास बसत नाही, पण गाडीत काहीच बिघाड नसताना फक्त चालवण्यामुळे काटा चढलेल्या गाड्या मी बघितल्यात. डिझेल-पेट्रोल वाचवायचं म्हणून लोक चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पंधराशे आरपीएमवर गाडी ओढतात. बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप इंजिनच फिरवतं, म्हणजे इंजिन हळू तर पंप हळू, जोर जास्त आणि पाणी कमी. एक गिअर खाली टाका, इंजिन अडीच-तीन हजारावर मोकळं फिरू द्या, आवाज वाढेल पण गाडी गार राहील. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून चढू नका, तुमच्या रेडिएटरला वारा मिळत नाही, मिळतो तो त्याचा गरम धूर. आणि जॅममध्ये चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती सोडा, हँडब्रेक वापरा, क्लचही वाचेल.

दुसरं, कूलंटची लेव्हल. सकाळी थंड इंजिनावर बघायची, बाटलीवर कमी आणि जास्तच्या खुणा असतात, त्यांच्या मध्ये पाहिजे. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण आहे तिथे फक्त बाटली बघून समाधान मानू नका, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं, थंड असताना झाकण उघडून आत गळ्यापर्यंत पाणी दिसतंय का बघा. तीन-चार आठवडे दर रविवारी लेव्हलचा मोबाईलवर फोटो काढा. लेव्हल हलत नसेल तर गळती नाही, आणि तुमचा निम्मा शोध संपला. कमी होत असेल तर पाणी ओतून विषय मिटवू नका, बंद सिस्टिम आहे, तिच्यातून पाणी जायला जागाच नाही, जातंय म्हणजे कुठूनतरी जातंय.

तिसरं, त्या बाटलीत नक्की काय आहे. आपल्याकडे एकदा कूलंट कमी झालं की पेट्रोल पंपावरचं पाणी, मग धाब्यावरचं, मग बोअरचं, असं करत करत दोन वर्षांत आत कूलंट नावालाच उरतं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि सोलापूर-मराठवाड्याकडच्या जड पाण्याच्या गाड्यांत तर हा प्रकार फार. शिवाय साधं पाणी शंभरला उकळतं, आणि जितके उंच जाल तितकं त्याच्याही आधी, महाबळेश्वरला साधारण पंच्याण्णवच्या आसपास. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण दाब नसतानाही १०६-१०७ पर्यंत टिकतं आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ च्या आसपास. हा जो वरचा पंचवीस डिग्रीचा फरक आहे, घाटात तुम्ही त्याच्यावरच जगत असता.

अडचणीत साधं पाणी टाकलं तर काही पाप नाही, बाटलीबंद पाणीही चालेल, पण घरी आल्यावर सगळं काढून नीट कूलंट भरा. रंगावर जाऊ नका, हिरवं, लाल, निळं हे कंपनीच्या मर्जीचं असतं, गाडीच्या पुस्तकात कोणतं स्पेसिफिकेशन लिहिलंय ते बघून घ्या. दोन वेगळ्या जातीची कूलंट मिसळली की कधीकधी आत चिखलासारखा गाळ होतो. आणि डबा घेताना तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे ते वाचा. तयार मिश्रणात परत निम्मं पाणी घालणारे कमी नाहीत. सांडलेलं कूलंट लगेच धुवा, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, लहान मुलांपासूनही लांब.

चौथं, रेडिएटरचं तोंड. बोनेट उघडा आणि टॉर्च मारून पुढच्या जाळीतून बघा. प्लास्टिकची पिशवी, सुकलेला पाला, पावसाळ्यानंतर लाल माती, ऊस तोडणीच्या दिवसांत पाचटाचा भुसा, किडे. बाहेरून दिसतो तो बहुतेक वेळा एसीचा कंडेन्सर असतो, खरा रेडिएटर त्याच्या मागे, आणि दोघांच्या फटीत कचऱ्याची गोधडी बसलेली असते जी समोरून दिसतच नाही. साध्या पाईपने, कमी प्रेशरने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा. इंजिन थंड असताना, आणि वायरिंगवर थेट नाही. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं तर बारीक पात्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच बंद.

इथेच बघून घ्या की पुढे काय काय लावलंय. मोठ्या एक्स्ट्रा लाईटा, जाड जाळी, किडे येऊ नयेत म्हणून लावलेली मच्छरदाणी, देवदर्शनाला निघताना बांधलेला भलामोठा हार. हवा जायच्या जागेवरच हे सगळं असतं. खालचं प्लास्टिकचं कव्हर कुठेतरी आपटून तुटलं असेल तर तेही परत लावा, ते नुसतं चिखलापासून वाचवायला नसतं, अनेक गाड्यांत हवेला रेडिएटरमधून जायला भाग पाडायचं कामही तेच करतं.

पाचवं, झाकण. स्वस्तातली वस्तू आणि सगळ्यात दुर्लक्षित. रेडिएटरचं म्हणा की बाटलीचं, ज्या झाकणाला स्प्रिंग आणि रबर असतं ते साधारण एक बारच्या आसपास दाब धरून ठेवतं. रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब धरला जात नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर उडतं, बाकी सगळं चांगलं असूनही. रबर बघा, नखाने दाबा, तडे असतील तर बदला. नवीन घेताना जुन्यावर लिहिलेला दाबाचा आकडा जुळवा, बसतंय म्हणून दुसऱ्या गाडीचं लावू नका, जास्त दाबाचं लावलं तर पाईप फुटू शकतो.

सहावं, फॅन. माझ्या अनुभवात शहरातल्या गाड्यांचा निम्मा त्रास इथेच निघतो. गाडी सुरू करा, एसी लावा, काही सेकंदांत फॅन फिरायला पाहिजे. नाही फिरला तर एसी बंद करून इंजिन तापू द्या आणि काट्यावर लक्ष ठेवा, अर्ध्याच्या आसपास फॅन सुरू होऊन बंद व्हायला हवा. हात लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो आणि बोट जातं.

फिरत नसेल तर आधी फ्यूज, बोनेटखालच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो. फ्यूज ठीक असेल तर रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी), शेजारच्या हॉर्नचा किंवा दुसरा तंतोतंत त्याच नंबरचा रिले काढून तिथे लावून बघा, फॅन फिरला तर दोष रिलेचा. नवीन फ्यूज लावल्यावर लगेच परत उडत असेल तर जाड फ्यूज लावायच्या फंदात पडू नका, मोटर जाम आहे किंवा वायर शॉर्ट आहे, जाड फ्यूज म्हणजे वायरिंगला आग. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर फॅनच्या वायरी नीट बघा, उंदरांना त्या का आवडतात देव जाणे.

फॅन फक्त जोरात फिरतो, हळू कधीच फिरत नाही, असंही असतं, तिथे स्लो स्पीडचा रेझिस्टर गेलेला असतो. आणि फॅनच्या मोटरला लाकडाने हलकेच टकटक केल्यावर ती फिरायला लागली तर आतले कार्बनचे ब्रश संपलेत, मोटर बदलायची, घाटात जायच्या आधी. काही वायरमन फॅनला डायरेक्ट स्विच काढून डॅशबोर्डवर देतात. अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला ठीक आहे, पण कायमचा इलाज म्हणून मला तो पटत नाही, कारण एक दिवस घरातलं दुसरं कोणी गाडी नेतं आणि त्याला त्या स्विचचा पत्ताच नसतो.

सातवं, पाईप आणि क्लिपा. थंड असताना सगळे होज पाईप दाबून बघा. दाबल्यावर करकर आवाज, फुगलेली जागा, टोकाला पांढरा किंवा हिरवट सुकलेला डाग, हे सगळे गळतीचे पुरावे. गरम असतानाच गळून लगेच वाळणारी गळती खाली थेंब सोडत नाही, फक्त डाग सोडते, त्यामुळे जमीन कोरडी म्हणजे गळती नाही असं धरू नका. संशयाच्या जागी जुना पांढरा कागद किंवा टिश्यू गुंडाळून एक फेरी मारून या, रंग लागलेला दिसेल.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर इथे जास्त वेळ द्या. किटच्या रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवायला इंजिनचंच कूलंट दिलेलं असतं, त्यासाठी हीटरचे पाईप कापून टी-जॉइंट लावतात, आणि ते जॉइंट, त्यांच्या हलक्या क्लिपा नि पातळ पाईप काही वर्षांत गळायला लागतात. रेड्यूसरवर दव किंवा बर्फ धरतोय आणि इंजिन मात्र गरम, असं दिसलं तर कूलंट तिथपर्यंत पोचतच नाहीये. किट बसवलेल्या कितीतरी गाड्यांत सगळं रेडिएटर-थर्मोस्टॅट बदलून झाल्यावर शेवटी गळती एका टी-जॉइंटवर सापडते.

आठवं, काटा खरं बोलतोय का. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मिळतो, स्टेअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावायचा, मोबाईलवर पाण्याचं खरं तापमान आकड्यात दिसतं. पेट्रोलच्या साध्या गाडीत साधारण ८५ ते १०० मध्ये फिरत राहणं नॉर्मल, ट्रॅफिकमध्ये थोडं वर जाऊन फॅन लागला की खाली येतं. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, आकडा बराच वर-खाली झाला तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्कॅनर ९० दाखवतोय आणि काटा लाल, तर बहुधा काट्याचं किंवा वायरिंगचं दुखणं. पण सेन्सर पाण्यात बुडालेला नसेल, म्हणजे कूलंट संपलेलं असेल, तर स्कॅनरही खोटं बोलतो, म्हणून आधी लेव्हल, मग स्कॅनर. काटा नसलेल्या गाडीवाल्यांनी तर हा घेऊनच ठेवा.

नववं, थर्मोस्टॅट. इथून पुढे पाने हातात घ्यावे लागतात, सवय नसेल तर गॅरेजमध्ये स्वतःच्या नजरेखाली काम करून घ्या. तो पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा आहे, इंजिन गार असताना बंद, साधारण ८२ ते ८८ ला उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. इंजिन पूर्ण तापलंय, रेडिएटरचा वरचा पाईप चटका देतोय आणि खालचा गारच, तर दरवाजा उघडत नाहीये किंवा रेडिएटर चोक आहे. काढल्यावर जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा आणि गॅसवर तापवा, उकळी फुटायच्या आधी तो स्पष्ट उघडायला हवा. ते पातेलं परत स्वयंपाकघरात नको.

रस्त्यावरचे फिटर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, आपल्याकडे त्याची गरज नाही साहेब म्हणून. याला माझा ठाम विरोध आहे. इंजिन गार चालतं, इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे म्हणून तो पेट्रोल जास्त देतो, अॅव्हरेज पडतं, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासनेच फिरत राहतं, म्हणजे घाटात उलट जास्त गरम. नवीन टाका, ओरिजिनल टाका, सोबतची रबर रिंग पण नवीन.

कूलंट काढून भरलं की हवा काढायची, ही पायरी घाईत राहते. नाक वर चढावर येईल अशी गाडी लावा, हीटर फुल गरमवर, बाटली किंवा रेडिएटर भरून झाकण काढून इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा, ज्या गाडीला हवा काढायचा स्क्रू आहे तिथे तो आधी उघडा. दुसऱ्या दिवशी थंड असताना लेव्हल परत बघा, थोडी उतरलेली असते. नवीन थर्मोस्टॅट टाकूनही गरम होते ही तक्रार पुष्कळदा नुसत्या अडकलेल्या हवेची निघते.

दहावं, पंप आणि पट्टा. पट्ट्याला भेगा, चकाकी, सुरू करताना किंचाळी, तर पट्टा बदला, तो घसरला की पंप हळू फिरतो. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून कूलंटचा ओघळ दिसला किंवा घर्रघर्र आवाज आला की पंपाचं सील-बेअरिंग गेलं. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर असतो, तिथे घरी हात घालू नका, दाते चुकले तर व्हॉल्व्ह वाकू शकतात.

रेडिएटर आतून चोक असेल तर फ्लश करून कधी सुटतो, कधी नाही. अॅसिडने धुणारे भेटतील, अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला ते नको. प्लास्टिकच्या टाक्या ठिसूळ झाल्या असतील तर चिकटवत बसण्यापेक्षा नवीनच घ्या. गळती बंद करायची पावडर वगैरे तर मी कोणालाच सांगत नाही, गळतीपेक्षा आधी ती हीटरच्या बारीक नळ्या बंद करते.

इथे थांबा आणि गॅरेजला द्या

ऑइलची डिपस्टिक किंवा फिलरचं झाकण काढल्यावर दुधाच्या चहासारखा रंग दिसला. सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही दाट पांढरा, गोड वासाचा धूर येतोय. इंजिन सुरू केल्या केल्या कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, किंवा थंड गाडीतही पाईप दोन मिनिटांत दगडासारखा कडक. कुठेच गळती नाही आणि कूलंट मात्र गायब, आणि सकाळी सुरू करताना एखादा सिलेंडर मिसिंग मारतो. यातलं एक जरी दिसलं तरी हेड गॅस्केट किंवा हेडचाच प्रश्न समजा, आणि गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग करून न्या. थोड्या वेळात गॅस्केटचं काम हेडचं होतं आणि हेडचं काम पूर्ण इंजिनाचं. ऑइलच्या झाकणाच्या फक्त सकाळी-सकाळी दिसणाऱ्या पांढऱ्या फेसाला मात्र घाबरू नका, पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणाने येतो, डिपस्टिक स्वच्छ असेल आणि लेव्हल स्थिर असेल तर ठीक.

फॅनचा फ्यूज परत परत उडतोय, टायमिंग बेल्टवरचा पंप आहे, डॅशबोर्ड उघडावा लागणारा हीटर गळतोय, किंवा एकदा लाल दिव्यात गाडी चालवली गेलीये, तेव्हाही स्वतः काही करू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिथली कूलिंग बॅटरी आणि इन्व्हर्टरलाही जाते, त्यात तर लेव्हल बघण्यापलीकडे हातच नको, आणि कूलंटही पुस्तकात सांगितलेलंच.

गॅरेजवाल्याला लगेच हेड उघडायला सांगू नका. आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे थंड सिस्टिममध्ये पंपाने दाब भरून तो उतरतो का ते बघणं, मग बाटलीच्या तोंडाशी केमिकल टेस्ट, त्यात निळं द्रावण पिवळं झालं तर इंजिनचा गॅस पाण्यात येतोय हे पक्कं. हेड उघडलंच तर ते सपाट आहे का हे मशीनशॉपमध्ये तपासून घ्या, तडा तपासून घ्या, बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवीन घ्या आणि जुने पार्ट परत मागून घ्या. ऑटोमॅटिक गाडी टो करताना दोरीने ओढू देऊ नका, गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेडच मागवा, नॅशनल हायवेवर अडकला असाल तर १०३३ या हायवे हेल्पलाईनवर फोन लावा. आणि कामानंतर लगेच कोकणात निघू नका, आधी आठवडाभर गावातच चालवा, रोज सकाळी लेव्हल बघा, एकदा मुद्दाम एसी लावून जवळचा एखादा चढ चढून स्कॅनरवरचा आकडा बघा आणि मगच पेट्या भरा.